जागच्या जागी दोन किलोमीटर

प्रिय सुई,

तुझ्या लॅबमध्ये सगळे तुला ह्याच नावाने हाक मारतात, कारण तू रक्त काढतेस ते पेशंटला कळतही नाही. म्हणून मीही तेच लिहितो. मला मात्र ह्या पत्राची प्रत्येक ओळ टोचते आहे. हा चौथा कागद. पहिले तीन फाडून ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि कुणी काढून वाचू नयेत म्हणून वरून काळं तेल ओतलं. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर मी दोन वाक्यं धड बोलतो आणि तिसऱ्याला तुझ्या आईची तब्येत विचारतो. परवा एकाच फोनमध्ये तीनदा विचारली, तेव्हा तू म्हणालीस, "आईलाच देऊ का फोन?" म्हणून लिहितो आहे, दुपारच्या सुट्टीत, गाड्या जुळवायच्या शेडमध्ये, मांडीवर पुठ्ठा घेऊन. वाचून झाल्यावर लग्नाबद्दल तुझं मन बदललं तर बदलू दे, मी तक्रार करणार नाही. फक्त शनिवारच्या आत कळव.

शनिवार का, ते आधी सांगतो. आमच्या मोटारसायकलींच्या शोरूममध्ये एक पद्धत आहे. कामगाराचं लग्न ठरलं की मालक त्याला गोदामात घेऊन जातात आणि म्हणतात, दोन गाड्या निवड. त्या दोन्ही आठवडाभर बाजूला उभ्या राहतात, हँडलला त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून, आणि आठवडा संपला की त्यातली एक त्याची होते. एकच का निवडायची नाही, असं मी विचारलं, तर मालक म्हणाले, "एकच निवडलीस तर जन्मभर म्हणशील, दुसरी बघायलाच मिळाली नाही." माझी एक चिठ्ठी लाल स्पोर्ट्स गाडीवर आहे आणि एक राखाडी साध्या गाडीवर. साधी म्हणजे ताठ बसून चालवायची, उंच हँडलची, लांब सीटची, तुमच्या घरी आहे तिचीच थोरली बहीण. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जातो. धुलाईवाला म्हणतो, लाल घे, म्हातारपणी राखाडी आहेच. सुट्या भागांच्या खिडकीवरच्या मावशी म्हणतात, राखाडी घे, उद्या मूल झालं तर मध्ये बसेल. ते ऐकून माझे कान तापले, तर सगळे ओरडले, "बघा बघा, ह्याला लालच हवी!"

मला इथे मिलिमीटर म्हणतात हे तुला माहीत आहे. दुसरे लोक चेन हाताने उचलून बघतात, मी पट्टी लावतो. तेव्हा ह्या दोन गाड्याही मी मोजल्या. पुढची सीट नाही मोजली, मागची मोजली. लालची मागची सीट म्हणजे चालवणाऱ्याच्या कमरेच्या वर ठेवलेली एक वेगळी गादी, माझ्या दोन पंजांएवढी. तिच्यावर बसलं की गुडघे वर येतात, पाय मागे दुमडतात, आणि ब्रेक लागला की सगळं अंग पुढच्याच्या पाठीवर जातं. उंचही इतकी की पुढच्याच्या डोक्यावरून रस्ता दिसतो, नको तेवढा दिसतो. राखाडीवर पाय खाली मोकळे सुटतात, पाठ सरळ राहते, आणि रस्ता बघायचा नसेल तर समोर पाठ असते. हे मी नुसतं पट्टीने ठरवलं नाही. गेल्या शनिवारी, चिठ्ठ्या बांधल्या त्याच दिवशी, तुफानला म्हटलं, मला मागे बसवून दोन्ही गाड्यांवर एकेक फेरी मार. तुफान म्हणजे आमच्याकडे नवीन गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी रस्त्यावर चालवून बघतो तो. गाडी अंगात आल्यासारखी चालवतो, पण काम चोख. तो म्हणाला, "वहिनीची एवढी काळजी? आणि तीही लग्नाआधी?" मी हो म्हणालो. ते खरं नव्हतं. कसं, ते पुढे येईलच.

रविवारी बसस्टॉपवर तू एक वाक्य बोललीस. तुझी गाडी आता धाकट्या भावाकडे जाणार, असं सांगत होतीस. पहाटेपासून घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचं तुझं काम, मागे बर्फाचा डबा बांधलेला, आणि लग्नानंतर मी तुला सोडायला येईन असं तुझ्या घरी सगळे धरूनच चाललेले. तू म्हणालीस, "आता मागे बसायची सवय करून घ्यायला हवी." हसूनच म्हणालीस. पण हसायच्या आधी जराशी थांबलीस. ते थांबणं चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मला तुझा शोरूममधला पहिला दिवस आठवतो. तुझे बाबा काउंटरवर आवाज चढवून बोलत होते आणि तू कोपऱ्यातल्या लाल गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होतीस, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बाबांनी वळून बघितल्यावर तू हात झटकन मागे घेतलास, जसा काही इस्त्रीला लागला होता.

त्या दिवसाची गोष्ट तुझे बाबा सगळ्यांना सांगतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला सांगितली, आणि चहा होईपर्यंत पुन्हा एकदा सांगितली. "कोरी गाडी, दहावाच दिवस, आणि डावीकडे ओढते! मी जाऊन सरळ म्हटलं, ह्या तपासणीच्या कागदावर ज्या गाढवाने सही ठोकली आहे त्याला आधी घरी पाठवा. आणि हा पोरगा लगेच गुडघ्यावर बसला. चाळीस मिनिटं डोकं वर काढलं नाही. गाडी अशी सरळ करून दिली की हिने हात सोडला तरी सरळ जाईल. तेव्हाच मनात म्हटलं, असा मुलगा हवा." सगळे हसतात, तूही हसतेस, आणि मी कपातल्या चहाकडे बघत बसतो. तुला वाटतं मी लाजतो.

सुई, डोकं वर काढलं नाही हे खरं आहे. कारण ते ज्या गाढवाला शोधत होते ते तिथेच गुडघ्यावर बसलं होतं. तुमच्या गाडीच्या कागदावर सही माझी आहे. बाबांच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तो पिवळा कागद असेल. काढून बघ, मी ओझं उतरवायला खोटं बोलत नाही ना, तेही कळेल.

झालं असं. गाडी कारखान्यातून अर्धवट जुळवलेली येते. बॅटरी, आरसे, हँडल मी बसवतो, हवा, तेल, चेन, ब्रेक बघतो आणि एका कागदावर सत्तावीस रकाने भरतो. सव्विसांपुढे खुणा माझ्या. शेवटचा रकाना 'रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून पाहिली' असा, तो तुफानचा. त्या दिवशी तुफान दाढ काढायला गेला होता आणि तोंडाला भोपळा बांधल्यासारखा गाल घेऊन घरीच झोपला. मालक आत येऊन म्हणाले, "चार वाजता गिऱ्हाईक येतंय, तू मार फेरी आणि टाक सही." दुसरा कुणी असता तर न चालवताच खूण करून मोकळा झाला असता. शाळा माझी नववीत सुटली, पण कागद भरायचा तो नीट भरायचा, हे अंगात मुरलंय. रिकामा रकाना मला बघवत नाही आणि खोटा आकडा लिहायला हात धजत नाही. तेव्हा मी काय केलं असेल? गाडी मधल्या स्टँडवर चढवली, गिअर टाकला आणि मागचं चाक हवेत फिरवत ठेवलं. त्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे चाक जागच्या जागी फिरलं तरी आकडा पुढे सरकतो. मी समोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. चार मिनिटांत गाडी दोन किलोमीटर गेली आणि भिंतीपासून तसूभर हलली नाही. मग मी मीटरचा आकडा लिहिला, अगदी खरा आकडा, आणि सही केली. मला वाटलंसुद्धा, की आपण चोख काम केलं.

ट्रकमध्ये पट्ट्याने आवळताना पुढच्या चाकाला धरणारे दोन दांडे जरासे पिळले गेले होते. स्टँडवर ते दिसत नाही. रस्त्यावर पहिल्या शंभर पावलांत चालवणाऱ्याच्या हाताला कळतं. तू नऊ दिवस ती गाडी उजवीकडे ओढून धरत चालवलीस. मला म्हणालीस, "संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं हो." रागाने नाही, डॉक्टरला सांगावं तसं. त्याच हाताने त्या नऊ दिवसांत तू किती म्हाताऱ्यांच्या शिरा शोधल्यास, मी पुढे कितीतरी दिवस मोजत होतो. मालकांनी कागद न बघताच तुफानकडे बोट दाखवलं, कारण रकाना त्याचा. तुफानने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तू मला म्हणालीस, "जरा चालवून बघा ना, म्हणजे कळेल." किती साधी गोष्ट सांगितलीस. मी "बघतो" म्हणालो, गाडी ढकलत शेडमागे नेली आणि तुफानचा हात धरला. त्याने फेरी मारली, मी नट सैल केले, त्याने पुन्हा फेरी मारली. मग मी गाडी ढकलतच तुझ्यासमोर आणली. तू विचारलंस, "आत चालवत आणायची परवानगी नाही वाटतं?" आणि मी मान हलवली. आपल्या ओळखीचं पहिलं उत्तर मी असं दिलं.

मला गाडी चालवता येत नाही, असं नाही. मी चालवत नाही. लायसन माझ्या पाकिटात आहे. ते मिळाल्यावर आठ दिवसांनी मी आईला मागे बसवून तिच्या शिवणाच्या कामावर सोडायला निघालो होतो. अठराचा होतो. वेग किती असेल, पंधरा. वळणावर बारीक खडी होती आणि मी वळता वळता पुढचा ब्रेक दाबला. आज कुणालाही झोपेतून उठून सांगेन की तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. मी गाडीच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. रस्त्यावर बसल्या बसल्या ती पहिलं काय बोलली असेल? "तुला लागलं का रे? कुणी विचारलं तर मी जिन्यावरून घसरले." आणि सहा वर्षं ती तेच सांगते. कात्री आता तिला उजव्या हाताने धरता येत नाही. डाव्या हाताने कापायला शिकली. बरणीचं झाकण घट्ट बसलं की ती बरणी माझ्यापुढे सरकवते. तेव्हापासून मी रस्त्यावर गाडी चालवली नाही. कामावर चालत जातो, तुला भेटायला बसने येतो. तू विचारलंस तेव्हा सांगितलं की शोरूमच्या माणसांना गाड्या बाहेर न्यायला बंदी आहे. अशी बंदी नाही. तुफान तर रोज घरी नेतो.

आईला म्हटलं, तिला सांगून टाकतो. आई म्हणाली, "आत्ता कशाला? लग्न होऊ दे, मग हळूहळू शिकशील, तिला कळायचंही नाही." आईचं चुकत नाही, तिला फक्त मला वाचवायची सवय लागली आहे. तुफान वेगळं बोलला. मी त्याची माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "माझ्या खात्यावर दोन शिव्या जास्त, त्याने काय होतंय? पण मिलिमीटर, तिला सांग. ती हँडल हाताला लागल्या लागल्या खोट ओळखते, तुला किती दिवस ओळखणार नाही?" मग सोमवारी मी मालकांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरची काच पुसली आणि म्हणाले, "आणि तुफानला दिलेल्या शिव्या आता परत कशा घेऊ?" तीन महिने माझ्या सहीखाली दुसऱ्याची सही लागणार आहे. नवीन आलेल्या पोरांच्याही सहीला लागत नाही. कागद पुढे केला की सगळे एकदा माझ्याकडे बघतात. ठीक आहे, बघू देत. तुझ्या बाबांना मी स्वतः येऊन सांगेन, पण तुझ्या आधी नाही. आणि मी शिकेन असं आज लिहून देत नाही. प्रयत्न करीन. मला जे खरं करून दाखवता येईल तेवढंच आता मला लिहायचं आहे.

गेल्या शनिवारी तुफानच्या मागे बसलो तो तू कशी बसशील हे बघायला नाही, मी बसू शकतो का हे बघायला. हेच विचारायला हे सगळं लिहिलं, सुई. माझ्याशी लग्न करायचं अजून मनात असेल तर गाडी तू चालव. मी मागे बसेन. बर्फाचा डबा मांडीवर धरीन, सकाळी तुझ्याबरोबर निघेन, तू मला शोरूमच्या फाटकाशी उतरवून पुढे जा. फाटकाशी सगळे उभे असतात, हसतील, मावशी तर दोन दिवस हसतील. त्याची भीती मला वाटते, पण खरी भीती मागच्या सीटची आहे. राखाडीवर पूर्ण फेरीभर माझे डोळे उघडे राहिले. लालवर पहिल्या वळणापर्यंत राहिले. म्हणून मी गेले चार दिवस मनात राखाडी, राखाडी असं घोकतो आहे, आणि तुझा तो टाकीवरचा हात आठवला की घोकणं थांबतं. शनिवारी दहा वाजता ये. दोन्ही गाड्यांच्या टाक्या भरून, हवा बघून, आरसे तुझ्या उंचीला लावून ठेवतो. दोन्ही तू रस्त्यावर घेऊन जा, खऱ्या रस्त्यावर, आणि दोन्ही वेळा मला मागे ने. मग जी म्हणशील ती. लाल म्हणालीस तर लाल. एकच गोष्ट त्या गाडीबद्दल सांगायची राहिली आहे. राखाडीला मागे धरायला दांडा आहे, लालला काहीच नाही. मागच्याने चालवणाऱ्यालाच धरून बसायचं असतं, आणि मी घट्ट धरीन, कदाचित फार घट्ट. तुला चालेल का?

तुझाच, तू म्हणशील तर,
मिलिमीटर